नियम, प्रयोगशाळा आणि परिसर : जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतील प्रथम वर्ष रसायनशास्त्र अभ्यासक्रमाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

विद्यापीठाची नियमपुस्तिका हे इतिहासाचे साधन आहे, असे सहसा मानले जात नाही. शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्थापकांची चरित्रे, इमारतींची उद्घाटने आणि विद्यार्थिसंख्येचे आकडे यांना प्राधान्य मिळते. प्रवेशाची पात्रता, सत्रातील उपस्थिती, प्रात्यक्षिकाची वही, उत्तीर्णतेचे निकष या गोष्टी मात्र कार्यालयीन तपशील म्हणून बाजूला राहतात. वस्तुतः विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो याच तपशिलांमधून. कुलगुरू कोण आहेत हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला कदाचित ठाऊक नसते. पण किती टक्के हजेरी भरली नाही तर सत्र मंजूर होणार नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळते.

प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षातील रसायनशास्त्र या विषयाच्या अटींचा व धोरणांचा ऐतिहासिक विचार केला आहे. रसायनशास्त्राची निवड करण्यास कारण आहे. हा विषय केवळ वर्ग, फळा आणि पुस्तक यांवर चालत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा, पाणी, जळण, काचसामान, रसायने आणि प्रशिक्षित सेवकवर्ग लागतो. त्यामुळे या विषयाचा प्रत्येक नियम विद्यार्थ्याबरोबरच संस्थेवरही काही भार टाकतो. शहरातील महाविद्यालय नजरेसमोर ठेवून घडलेला नियम डोंगराळ तालुक्यात पोहोचला तेव्हा त्याने काय अडवले आणि काय घडवले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

नियमांचे मूळ

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेल्या या विद्यापीठाचे आरंभीचे मुख्य कार्य परीक्षा घेणे व पदव्या देणे हे होते. अध्यापन महाविद्यालयांत होत असे. अभ्यासक्रम एका ठिकाणी ठरणे, शिकवणे दुसऱ्या ठिकाणी होणे आणि या दोहोंना संलग्नीकरणाच्या नियमांनी बांधणे, ही रचना तेथून पुढे महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा कणा बनली.

रसायनशास्त्राच्या बाबतीत याच्या जोडीला दुसरी एक परंपरा आली. जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस फॉन लीबिख यांनी १८२४ नंतर विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करून शिकावे अशी पद्धत रूढ केली. तिचा प्रभाव इंग्लंडवर पडला आणि १८४५ मध्ये लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री सुरू झाले. शिक्षकाने टेबलावर प्रयोग करून दाखवणे वेगळे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने तो करणे वेगळे, हा भेद या परंपरेने निश्चित केला. विज्ञान पदवीच्या परीक्षेत प्रात्यक्षिकाला स्वतंत्र स्थान मिळाले त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. परीक्षक विद्यापीठ आणि प्रयोगशील विद्यार्थी या दोन कल्पनांच्या संयोगातून आजही ओळखीचा असलेला नियमसंच घडत गेला : लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक परीक्षा, प्रमाणित वही आणि भरलेली सत्रे.

याच काळात मराठीत रसायनशास्त्र आणण्याचे प्रयत्नही झाले. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रासह विविध शास्त्रांवर मराठीत ग्रंथ लिहिले. मात्र विज्ञान पदवीचे माध्यम इंग्रजीच राहिले. या दुहेरीपणाचे परिणाम पुढे ग्रामीण महाविद्यालयांत अधिक तीव्रतेने जाणवले.

पुणे विद्यापीठ आणि ग्रामीण विस्तार

पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये, सर परशुरामभाऊ महाविद्यालयाची पूर्वसंस्था असलेले न्यू पूना कॉलेज १९१६ मध्ये आणि नौरोसजी वाडिया महाविद्यालय १९३२ मध्ये सुरू झाले. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव येथील ज्या विद्यार्थ्याला विज्ञानाची पदवी घ्यावयाची असे, त्याला दीर्घकाळ पुण्यासारख्या शहराकडेच पाहावे लागत होते. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटर, तर जुन्नर सुमारे नव्वद किलोमीटर आहे. अंतर फार नाही. पण शहरातील निवासाचा आणि खाणावळीचा खर्च हीच त्या काळातील खरी, कोठेही न लिहिलेली प्रवेशपात्रता होती.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले. आरंभी त्याच्याशी अठरा महाविद्यालये संलग्न होती, विद्यार्थिसंख्या आठ हजारांहून अधिक होती आणि कार्यक्षेत्र पश्चिम महाराष्ट्रातील बारा जिल्ह्यांपर्यंत पसरलेले होते. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर हे क्षेत्र पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व नाशिक या तीन जिल्ह्यांपुरते उरले. २०१४ मध्ये विद्यापीठाचा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असा नामविस्तार झाला. क्षेत्र आकुंचित होत असताना संलग्न महाविद्यालयांची संख्या मात्र वाढत गेली. कारण शिक्षणाची मागणी आता तालुक्यातालुक्यांतून येत होती.

या मागणीला स्थानिक व प्रादेशिक शिक्षणसंस्थांनी प्रतिसाद दिला. जुन्नर येथे श्री शिव छत्रपती महाविद्यालय, ओतूर येथे पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय, घोडेगाव येथे बी. डी. काळे महाविद्यालय आणि मंचर येथे रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय ही या प्रक्रियेची ठळक फळे होत. मंचरच्या विज्ञान महाविद्यालयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथील हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा झाला आणि हुतात्मा झाला. औपचारिक शिक्षण फारसे न लाभलेल्या कामगाराचे नाव विज्ञान महाविद्यालयाला असणे, हे या परिसरातील शिक्षणप्रसाराच्या सामाजिक आशयाचे द्योतक आहे.

नियमांचे स्वरूप

प्रथम वर्ष रसायनशास्त्राच्या नियमांची पाच गटांत विभागणी करता येते.

पहिला गट प्रवेशपात्रतेचा. पूर्वी अकरा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर विद्यार्थी महाविद्यालयात येत असे व पदवीपर्यंत चार वर्षे घालवीत असे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अहवाल सादर केल्यानंतर महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला. त्यामुळे महाविद्यालयातील सुरुवातीचे रसायनशास्त्र कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेले आणि पदवीच्या पहिल्या वर्षासाठी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण असणे ही पूर्वअट ठरली. या बदलाचा ग्रामीण भागावर दूरगामी परिणाम झाला. परिसरात विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय नसेल, तर पदवीचे दार आपोआप बंद होत असे. पात्रतेचा निर्णय अशा रीतीने सोळाव्या वर्षीच, गावाजवळ कोणती शाखा उपलब्ध आहे यावरून होऊ लागला.

दुसरा गट सत्र व उपस्थितीचा. प्रत्येक सत्रात किमान ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते आणि ती व्याख्याने व प्रात्यक्षिके या दोहोंसाठी असते. ‘टर्म मंजूर होणे’ हा विद्यार्थ्यांच्या बोलीतील शब्दप्रयोग याच नियमातून आला.

तिसरा गट प्रात्यक्षिकाचा. विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडून प्रात्यक्षिके घ्यावयाची, प्रत्येकाने स्वतः प्रयोग करून निरीक्षणे वहीत नोंदवावयाची, शिक्षकाने प्रत्येक प्रयोगावर दिनांकासह स्वाक्षरी करावयाची आणि वर्षाअखेरीस विभागप्रमुखांनी वही प्रमाणित करावयाची, अशी ही व्यवस्था. प्रमाणित वहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. उजव्या पानावर हेतू, साहित्य, कृती व निष्कर्ष आणि डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती, निरीक्षणतक्ता व आकडेमोड हा संकेत विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाळत आल्या आहेत.

चौथा गट मूल्यमापनाचा. २०१३ च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षाची पद्धत वार्षिक होती व शंभर गुणांपैकी ८० गुण अंतिम परीक्षेला आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला होते. २०१९ मध्ये श्रेयांकाधारित निवड पद्धती आली. तिच्यात वर्ष दोन सत्रांत विभागले गेले व प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक ठरले. पहिल्या सत्रात भौतिक व सेंद्रिय, तर दुसऱ्या सत्रात असेंद्रिय व वैश्लेषिक रसायनशास्त्र अशी मांडणी झाली. प्रत्येक लेखी विषय ५० गुणांचा होऊन त्यातील १५ गुण अंतर्गत व ३५ गुण विद्यापीठ परीक्षेचे झाले. काही विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पुढील वर्गात जाण्याची मुभा देणारी ‘ए.टी.के.टी.’ची तरतूदही याच गटात येते.

पाचवा गट शुल्काचा. शिक्षणशुल्काबरोबर प्रयोगशाळा शुल्क व अनामत घेतली जाते आणि फुटलेल्या काचसामानाची भरपाई त्यातून होते. ब्युरेटची तोटी किंवा पिपेटचे टोक तुटणे ही शहरी मध्यमवर्गीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने किरकोळ घटना असते. शेतमजुराच्या मुलाला मात्र ती संपूर्ण तासभर हात आखडून काम करावयास लावते. ज्या विषयात हात सैल सुटल्याशिवाय कौशल्य येत नाही, त्या विषयात या लहानशा तरतुदीचा परिणाम लहान नसतो.

अडसर म्हणून नियम

हे नियम सर्वांना समान आहेत. परंतु त्यांच्या पालनाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला आहे. नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतच्या या पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे आणि भात हे तेथील मुख्य पीक आहे. शैक्षणिक वर्षाचे पहिले सत्र जून-जुलैमध्ये सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत भाताची लावणी असते, पाऊस सर्वाधिक असतो आणि घाटाकडील वाहतूक अनिश्चित असते. रात्री गावात मुक्कामी येणारी एस.टी. सकाळी निघाली तर विद्यार्थी पहिल्या तासाला पोहोचतो. ती चुकली तर त्या दिवसाचे प्रात्यक्षिक गेले. व्याख्यानाची उणीव मित्राच्या वहीवरून भरून काढता येते. चुकलेले अनुमापन मात्र पुढील तुकडीत जागा मिळाली तरच करता येते.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. पावसाळी सत्र या भागात कोणत्या परिस्थितीत पार पडते, याची दाहक जाणीव या दुर्घटनेने सर्व महाराष्ट्राला करून दिली. तत्पूर्वी घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव हे गावच बुडाले होते. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांनी पूर्वेकडील शेती समृद्ध केली; पश्चिमेकडील अनेक कुटुंबांच्या वाट्याला मात्र विस्थापन आले. एकाच वर्गातील दोन बाकांवर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांमागे असा भिन्न भूगोल उभा असतो आणि हजेरीपटावर दोघांचा रकाना सारखाच असतो.

पूर्वेकडील बागायती पट्ट्यालाही स्वतःचे वेळापत्रक आहे. नारायणगाव परिसरात द्राक्षाची हंगामी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. वार्षिक पद्धतीत हाच काळ प्रात्यक्षिक वही पूर्ण करण्याचा व परीक्षेचा होता.

भाषेचा अडसर याहून सूक्ष्म आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी आम्ल, आम्लारी, संयुजा, क्षपण हे शब्द शिकून येतो. अकरावीपासून त्याला ‘ॲसिड’, ‘बेस’, ‘व्हॅलन्सी’, ‘रिडक्शन’ असे नव्याने सुरू करावे लागते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने तसेच शासनाच्या परिभाषा कोशांनी मराठी संज्ञांचे मोठे काम केले. परंतु पदवी परीक्षेची भाषा बदलली नाही, त्यामुळे हे काम वर्गाच्या दारापाशी थांबले. ग्रामीण शिक्षकांनी यावर आपला मार्ग काढला. संज्ञा इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत, ही मिश्र अध्यापनपद्धती कोणत्याही नियमपुस्तिकेत नाही. तरीही तिच्याविना हा अभ्यासक्रम या तालुक्यांत चालू शकला नसता.

हमी म्हणून नियम

नियमांचा केवळ अडसर म्हणून विचार केल्यास इतिहासाची अर्धीच बाजू समोर येते. नियम विद्यार्थ्याला बांधतो तसा संस्थेलाही बांधतो. प्रात्यक्षिकाविना पदवी नाही ही अट विद्यार्थ्यावर लादलेली दिसते. पण तिची पूर्तता करण्याची पहिली जबाबदारी महाविद्यालयावर येते. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती संलग्नीकरणापूर्वी प्रयोगशाळा, ग्रंथालय व शिक्षक यांची पाहणी करते. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान शाखा सुरू करावयाची म्हणजे पाण्याची टाकी, निचऱ्याची सोय, धुरांड्यासह बंदिस्त कप्पा, तराजू, ऊर्ध्वपातित पाण्याचे यंत्र, रसायनांचे कोठार आणि प्रयोगशाळा परिचर यांची व्यवस्था करणे अपरिहार्य ठरले. ही अट नसती, तर शुल्क कमी ठेवण्याच्या सबबीखाली ग्रामीण विद्यार्थ्याला खडू-फळ्याच्या रसायनशास्त्रावर समाधान मानावे लागले असते.

या पूर्ततेत अडचणी आल्या. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने विजेच्या दीर्घ भारनियमनाचा अनुभव घेतला. ऊर्ध्वपातित पाणी तयार करण्यास वीज लागते, म्हणून वीज असेल त्या वेळात पाण्याचा साठा करून ठेवणे हा प्रयोगशाळा परिचराच्या दिनक्रमाचा भाग झाला. अशा परिचरांचा उल्लेख शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच येतो. नियमाने मागितलेला प्रयोग वेळापत्रकाप्रमाणे झाला, त्यात त्यांच्या सकाळच्या तयारीचा मोठा वाटा आहे.

उपस्थितीच्या अटीनेही अशाच पूरक व्यवस्था निर्माण केल्या. रोज येणे बंधनकारक असेल तर राहण्याची सोय हवी, ही मागणी तर्कसंगत ठरते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची शासकीय वसतिगृहे, शिष्यवृत्त्या व आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शुल्कसवलत यांचे महत्त्व याच संदर्भात समजते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रम व शिक्षण यांची सांगड घातली होती. पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेला त्यांचेच नाव आहे. या योजनेत काम करणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारातच कमावतो आणि म्हणून हजेरीही भरू शकतो. कठोर नियम आणि त्याला पेलणारी सवलत यांची अशी जोडी जेथे जमली, तेथे नियम शिडी बनला; जेथे सवलत पोहोचली नाही, तेथे तोच नियम भिंत राहिला.

हमीचा दुसरा अर्थ पदवीच्या मूल्याशी निगडित आहे. जुन्नर किंवा मंचर येथे मिळवलेली रसायनशास्त्राची पदवी आणि पुण्यात मिळवलेली पदवी यांवर एकाच विद्यापीठाची मुद्रा असते. अभ्यासक्रम, प्रयोगांची यादी व उत्तीर्णतेचे निकष समान असल्यामुळेच हे शक्य होते. परिसरातील विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा, चाकण व रांजणगाव येथील उद्योगांचे गुणवत्ता नियंत्रण विभाग, कुरकुंभचे रासायनिक कारखाने यांचे दार ग्रामीण पदवीधराला उघडते ते या समानतेमुळे. मुलाखतीत विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा साधा असतो : अनुमापन स्वतः केले आहे काय? त्याचे उत्तर वहीतील स्वाक्षऱ्यांमागे दडलेले असते.

परिसर आणि अभ्यासक्रम

नियमांची समानता इष्ट असली तरी आशयाच्या एकसारखेपणाने एक उणीव मागे ठेवली. हा परिसर रासायनिक ज्ञानाला अपरिचित नाही. मराठेशाहीच्या काळात जुन्नर हे हातकागदाचे ख्यातनाम केंद्र होते. चिंध्यांचा लगदा, चुन्याची प्रक्रिया आणि खळ देऊन घोटाई यांतून जुन्नरी कागद तयार होत असे. ऊसपट्ट्यातील गुऱ्हाळांवर रसाची मळी काढण्यासाठी चुना किती घालावा, याचा अंदाज गुळव्याला अनुभवाने असतो.

द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुना यांपासून बोर्डो मिश्रण बनवतो. एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद व एक किलो चुना हे प्रमाण त्याला पाठ असते. मिश्रण तयार झाल्यावर तो त्यात लोखंडी विळा किंवा सुरी बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुना घालतो. प्रथम वर्षाच्या वर्गात लोह तांब्याला त्याच्या क्षारातून विस्थापित करते असे जे शिकवले जाते, ते हेच होय. मोरचूद म्हणजेच प्रयोगशाळेतील निळे कॉपर सल्फेट, हे सांगितल्यावर विद्यार्थ्याच्या मनातील एक मोठे अंतर मिटते.

पश्चिम पट्ट्यातील हिरडा हे दुसरे उदाहरण. भीमाशंकरच्या परिसरातील आदिवासी कुटुंबांना हिरड्याच्या संकलनातून रोख उत्पन्न मिळते. हिरड्यात टॅनिनचे प्रमाण भरपूर असते, म्हणून कातडी कमावण्यासाठी व रंगकामासाठी त्याला पूर्वापार मागणी आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग येतो, हे जुन्या रंगाऱ्यांना ठाऊक होते. सेंद्रिय पदार्थांच्या गुणात्मक विश्लेषणात फेरिक क्लोराइडने फिनॉलवर्गीय पदार्थ ओळखण्याची कसोटी करतात, तिचे तत्त्व याच्याशी जवळचे आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी हिरड्याची पोती असतात, तोच विद्यार्थी ही कसोटी परकी म्हणून पाठ करतो. प्रयोगांची यादी एका केंद्रातून ठरत असल्याने तिच्यात या परिसराला जागा मिळणे कठीण होते. हा दोष कोणा एका अभ्यास मंडळाचा नाही. परीक्षाकेंद्री संलग्नीकरण पद्धतीचाच तो स्वाभाविक परिणाम आहे.

बदलता नियम

२०२० च्या करोना साथीत प्रथमच प्रयोगशाळेविना प्रात्यक्षिक असा विरोधाभास अनुभवास आला. चित्रफितीवरून निरीक्षणे लिहिली गेली, बहुपर्यायी प्रश्नांवर ऑनलाइन परीक्षा झाल्या आणि मोबाइलचे जाळे न पोहोचणाऱ्या वाड्यावस्त्यांतील विद्यार्थ्याला हजेरीसाठी डोंगराचा उंचवटा शोधावा लागला. रंगबदलाचा अंतिम बिंदू पडद्यावर पाहता येतो. पण एका थेंबाने तो चुकतो कसा, हे तोटीवर बोट असल्याशिवाय समजत नाही. प्रात्यक्षिकाची अट का अस्तित्वात आहे, याचे स्पष्टीकरण या काळाने दिले.

२९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी २०२४-२५ पासून सुरू झाली. प्रमुख विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली अशा अनेक घटकांत आता श्रेयांक विभागले जातात आणि पहिल्या वर्षानंतर विहित अटी पूर्ण करून प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याचीही तरतूद आहे. या लवचिकतेचे दोन संभाव्य परिणाम इतिहासाच्या प्रकाशात पाहावे लागतात. एकीकडे कौशल्य अभ्यासक्रमाच्या चौकटीत माती व पाणी परीक्षण, बोर्डो मिश्रणाची तपासणी, हिरड्यातील टॅनिनचे मापन असे स्थानिक विषय आणता येतील. नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रासारखी संस्था हाताशी असताना हे अशक्य नाही. दुसरीकडे घटक वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ घटतो. त्यात प्रयोगशाळेचे तास आक्रसले, तर त्याची झळ शहरी विद्यार्थ्यापेक्षा ग्रामीण विद्यार्थ्याला अधिक बसेल. कारण त्याला महाविद्यालयाबाहेर दुसरी प्रयोगशाळा नाही. ‘बाहेर पडण्याची सोय’ ही गरीब घरातील मुलाच्या, आणि त्याहूनही मुलीच्या, बाबतीत बाहेर पडण्याचा आग्रह बनू नये, याचीही दक्षता घ्यावी लागेल.

समारोप

जुन्नर-आंबेगाव परिसरातील प्रथम वर्ष रसायनशास्त्राचा इतिहास पाहता तीन निष्कर्ष निघतात. पहिला, शैक्षणिक नियम समान असले तरी त्यांच्या पालनाची किंमत भूगोल, ऋतुमान, शेतीचे वेळापत्रक आणि भाषा यांनुसार बदलते. म्हणून नियमाची न्याय्यता ठरवताना त्याची किंमत कोण मोजतो हे विचारले पाहिजे. दुसरा, नियम शिथिल करणे हा या विषमतेवरील सरसकट उपाय ठरत नाही. प्रात्यक्षिकाची अट कठोर राहिली म्हणून तालुक्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. उपस्थितीची अट राहिली म्हणून वसतिगृहाची मागणी रास्त ठरली. शिथिलता हवी ती चुकलेले प्रात्यक्षिक पुन्हा करू देण्यात, लावणीच्या दिवसांत वेळापत्रक सांभाळून आखण्यात आणि फुटलेल्या काचेची भरपाई माफ करण्यात. तिसरा, निकषांची समानता कायम ठेवूनही प्रयोगांच्या आशयात परिसराला स्थान देता येते व ते देण्याची संधी आज प्रथमच नियमांच्या चौकटीत उपलब्ध झाली आहे.

प्रमाणित प्रात्यक्षिक वहीच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याचे नाव, आसनक्रमांक, शिक्षकाची व विभागप्रमुखाची स्वाक्षरी एवढेच असते. अंजनावळ्याहून किंवा आहुप्याहून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ती वही असते, तेव्हा त्या पानामागे गाठलेली एस.टी., राखलेले पाणी, अनुवादित केलेली संज्ञा आणि कोणीतरी भरलेली अनामत उभी असते. विद्यापीठाच्या इतिहासात या पानाचीही नोंद झाली पाहिजे.